‘कानडा’वरून भांडण चाललंय म्हणून अक्रोडाची गोष्ट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन आठवडे तुमच्या पत्रांच्या पानावर ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ यावरून जी जुंपलीय ती मी रोज दुकान उघडायच्या आधी वाचतो. एकाचं म्हणणं, माउलींनी सरळ लिहून ठेवलंय की विठ्ठल कर्नाटकातला, विषय संपला. दुसऱ्याचं म्हणणं, अहो कानडा म्हणजे अगम्य, न कळणारा, आणि कर्नाटकु म्हणजे नाटकी, लीला करणारा, त्याचा त्या राज्याशी काही संबंध नाही. आणि परवा तिसऱ्यांचं पत्र आलं की कानडा म्हणजे न कळणारा हा अर्थच मुळात कानडी माणसाचा अपमान आहे, तो शब्दकोशातनंच काढून टाका. तिघंही शिकलेली माणसं दिसतात. पण तिघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवलीय, की दोन अर्थांतला एकच खरा असणार. तिथंच घोळ आहे असं मला वाटतं.

मी शहापुरात किराणा आणि ड्रायफ्रूटचं दुकान चालवतो, वडिलांच्या वेळेपासूनचं. दिवसभर निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत. पैसे मराठीत मोजतो आणि पोती कानडीत मोजतो, ते का ते शेवटी सांगतो. तर या वादात मी पडतोय तो अक्रोडाच्या वाटेने.

झालं काय, धाकटी मुलगी बेल्जियममध्ये लुव्हेन गावात शिकायला आहे. दिवाळीच्या आधी व्हिडिओ कॉल लागला होता, मी दुकानातच, पुढ्यात चिलीच्या अक्रोडाची पेटी नुकतीच फोडलेली, काश्मिरी कागजी बाजूला परातीत. तिने तिकडनं तिची पिशवी दाखवली, म्हणाली बाबा हे बघा इथले, यांना वालनोट म्हणतात. मी म्हटलं मग आपल्याकडं पण वॉलनटच की, त्यात काय एवढं. तर म्हणते, वॉल म्हणजे काय सांगा बघू. मी म्हटलं भिंत, भिंतीसारखं टणक कवच म्हणून वॉलनट. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय, कोणी विचारलं तर, आणि कोणी नाही विचारलं तरी. ती हसायलाच लागली. भिंतीचा काही संबंध नाही म्हणे, वॉल म्हणजे परका, वॉलनट म्हणजे परक्यांचा नट.

मग मी पण नाद सोडला नाही, तिच्याकडनं आणि इकडनं तिकडनं वाचून जे हाती लागलं ते सांगतो.

जुन्या जर्मन टोळ्यांच्या भाषेत ‘वाल्ह’ असा एक शब्द होता. ज्युलियस सीझरने व्होल्काय नावाच्या एका केल्टिक जमातीबद्दल लिहिलंय, ती जमात या जर्मन टोळ्यांची शेजारी, आणि तिच्याच नावावरून हा शब्द आला असं जाणकार मानतात. आधी एका जमातीचं नाव, मग सगळ्याच केल्ट लोकांचं, मग ते केल्ट रोमन साम्राज्यात जाऊन लॅटिन बोलायला लागले तेव्हा लॅटिन बोलणाऱ्या सगळ्यांचं, आणि शेवटी काय तर ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो वाल्ह. उत्तरेकडच्या रानात यांना हेझलनट माहीत होता, अक्रोड आला दक्षिणेकडनं, रोमन मुलखातनं, म्हणून तो वाल्ह लोकांचा नट. इंग्रजीत वॉलनट, जर्मनमध्ये वालनुस, डचमध्ये वालनोट. (आपला अक्रोड संस्कृत अक्षोटवरून, आणि कानडीतही अक्रोटच, म्हणजे निदान या एका मालावरून तरी आपल्यात वाद नाही.)

पण हा शब्द अक्रोडापाशी थांबला नाही. पाचव्या शतकाच्या सुमाराला हीच अँगल, सॅक्सन वगैरे मंडळी समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये घुसली. तिथं आधीपासून राहणारे लोक केल्टिक भाषा बोलणारे. तर या नव्याने आलेल्यांनी तिथल्या मूळच्या लोकांनाच ‘वेआलास’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे परके! पाहुणा घरात शिरतो, माजघरात पाय पसरतो आणि घरमालकालाच विचारतो तू कुठला रे, त्यातला प्रकार. त्याचंच पुढं वेल्स झालं. कॉर्नवॉलमधला वॉल पण तोच, आणि वॉल्श, वॉलेस ही आडनावं पण त्यातलीच. वर तोच शब्द जुन्या इंग्रजीत गुलाम या अर्थाने पण चालायचा, म्हणजे कोण जिंकलं आणि कोण हरलं ते वेगळं सांगायलाच नको.

आता वेल्सचे लोक स्वतःला काय म्हणतात? कम्री. हा शब्द आलाय ‘कॉम्ब्रोगी’वरून, म्हणजे एकाच मुलखाची माणसं, आपल्या भाषेत गाववाले म्हणा. आणि यातला जो ब्रोगी आहे त्याचं मूळ आणि इंग्रजी मार्क, लॅटिन मार्गो यांचं मूळ एकच, ज्याच्यावरून वहीतलं मार्जिन आलं. मूळ अर्थ हद्द, सीमा. एका हद्दीतले ते आपले. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटलं ते काय सांगू, त्या रात्री दुकान बंद करायला अर्धा तास उशीर झाला.

इंग्रजांनी वेल्सवाल्यांची टिंगलही भरपूर केली. पाव भाजून त्यावर चीज घालायचं आणि त्याला म्हणायचं वेल्श रॅबिट, ससा नावाला पण नाही त्यात. पैज हरून पैसे न देणं याला पण वेल्श असं क्रियापद आहे, त्याचा वेल्सच्या लोकांना अजून राग येतो, आणि यायलाच पाहिजे.

आता मुद्द्याची गोष्ट. जर्मन भाषेत तोच शब्द ‘वेल्श’ असा राहिला आणि त्याचा अर्थ इटालियन, फ्रेंच. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे लोक फ्रेंच बोलणाऱ्या भागाला आजही वेल्शच म्हणतात, त्यात शिवी काही नाही, नुसतं नाव. आणि त्याच जर्मनमध्ये ‘काउडरवेल्श’ म्हणजे काहीच्या काही, डोक्यावरून जाणारी बडबड. आपल्याकडं पोरं म्हणतात ना यंडुगुंडु, अगदी तेच. ‘रोटवेल्श’ म्हणजे चोर-भटक्यांची आपापसातली छुपी भाषा. म्हणजे एकाच शब्दात शेजाऱ्याचं नाव पण आहे आणि न कळणं पण आहे, दोन्ही एका घरात शेकडो वर्षं सुखाने राहतायत, आणि कोणी म्हणत नाही की यातलं एक खोटं आहे, दुसऱ्याला ठेवा आणि याला बाहेर काढा. आमच्या तिन्ही पत्रलेखकांनी हे जरा बघावं.

मुलीच्या खोलीत तिच्यासोबत पोलंडची एक मुलगी राहते. ती थंडीत सूप करते, त्यासाठी बाजारातनं एक जुडी आणते. गाजर, पार्सलीचं मूळ, सेलरीचा गड्डा, लीक म्हणून एक कांद्याच्या पातीसारखी लांब जाड पात असते ती, कधी कोबीचा तुकडा, सगळं एकत्र बांधलेलं, आपण कोथिंबीर-मिरची-कढीपत्ता भाजीबरोबर मागून घेतो तसं, फक्त ते विकत. त्या जुडीचं नाव ‘व्वोश्चिझ्ना’. याचा अर्थ इटलीकडचा माल. पोलिशमध्ये इटलीचं नावच ‘व्वोखी’ आहे, आणि ते त्याच वाल्हवरून, कारण स्लाव्ह लोकांनी, म्हणजे पोलिश, रशियन वगैरे मंडळींच्या पूर्वजांनी, शेजारच्या जर्मनांकडनं हा शब्द उचलला. १५१८ साली इटलीची बोना स्फोर्त्सा पोलंडच्या राजाशी लग्न करून आली, तिने या भाज्या आणल्या असं तिकडं सांगतात. राणीने खरंच गाजरं आणली का ते सोडा, पण गंमत बघा, इटलीतल्या माणसाने स्वतःला कधी वाल्ह म्हटलं नाही, मधल्या जर्मनाने म्हटलं, आणि त्याचं ऐकून पोलंडमध्ये भाजीच्या जुडीला ते नाव लागलं.

हंगेरीत तर याचे दोन तुकडे झाले. ‘ओलास’ म्हणजे इटालियन आणि ‘ओलाह’ म्हणजे रोमानियाकडचा माणूस, शब्द एकच, फक्त एकाचं शेपूट जरा वेगळं. बाल्कनमध्ये तो झाला व्लाह, तिथं डोंगरात मेंढरं राखणारे, लॅटिनसारखी भाषा बोलणारे लोक होते त्यांचं नाव. त्यावरून वालाखिया हा मुलूख. ग्रीकमध्ये व्लाहोस म्हणजे धनगर आणि पुढं पुढं गावंढळ, अडाणी. आणि जर्मनमध्ये वालाख म्हणजे खच्ची केलेला घोडा, कारण तसे घोडे वालाखियाकडनं यायचे. आता बोला! ज्यांच्या नावाचं असं घोडं केलं ते लोक स्वतःला काय म्हणतात तर रोमुन, म्हणजे रोमन, रोमचे वारस. बाहेरच्याने म्हणायचं गावंढळ परका आणि घरात म्हणायचं आम्ही रोमचे.

हे सगळं वाचून जर्मनांचा राग यायला लागतो ना, सगळ्यांना परके म्हणत सुटलेत म्हणून? थांबा. स्लाव्ह लोकांनी जर्मनांना काय नाव ठेवलं तर मुका. रशियनमध्ये ‘नेमेत्स’, पोलिशमध्ये जर्मनीचं नावच ‘न्येम्त्सी’, आणि त्याचं मूळ ‘नेमी’, म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. आणि स्वतःला स्लाव्ह म्हणतात ते ‘स्लोवो’ म्हणजे शब्द यावरून आलं असं बरेच जण मानतात, म्हणजे आम्ही बोलणारे आणि तो पलीकडचा मुका. फिट्टंफाट. हंगेरियनांनी तो शब्द घेतला, तुर्कांनी घेतला, अरबीत आजही ऑस्ट्रिया देशाला ‘नम्सा’ म्हणतात. व्हिएन्नाच्या माणसाला पत्ता नसेल की कैरोमध्ये आपल्या देशाचं नाव मुक्यांचा देश असं आहे. ग्रीकांचा बर्बर आणि आपला म्लेच्छ याच पंगतीतले, त्यावर मी लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता बेल्जियम, कारण मुलगी तिथं आहे आणि ती जे सांगते ते ऐकून मला वाटतं की आपण बेळगावातनं हललोच नाही. देशाचा उत्तर भाग डच बोलणारा, दक्षिण भाग फ्रेंच बोलणारा, आणि त्या दक्षिण भागाचं नाव वालोनिया. परत तोच वाल्ह! १९६२ साली तिथं कायद्याने भाषेची सीमा आखली. फूरेन म्हणून सहा गावांचा एक पट्टा आहे, तो फ्रेंचवाल्या लिएज प्रांतातनं काढून १९६३ पासून डचवाल्या लिम्बुर्ग प्रांताला जोडला, तिथल्या बऱ्याच लोकांना ते नको होतं. पुढं तिथं जोझे हापार म्हणून मेयर झाला, फ्रेंचवाला, त्याला म्हणाले डच येतं हे दाखव, त्याने नाही म्हटलं, आणि या एका गावच्या मेयरपायी १९८७ साली देशाचं सरकार पडलं. आमच्याकडच्या वाचकाला यावर जास्त काही समजावून सांगायची गरज नाही.

लुव्हेनमध्ये तर साठच्या दशकात डचवाली पोरं रस्त्यावर उतरली होती, घोषणा काय तर ‘वालेन बाउटेन’, वालोन लोकांनो बाहेर व्हा. १९६८ साली त्यावरून सरकार कोसळलं, पाचशे वर्षांपेक्षा जुनं विद्यापीठ दोन झालं, फ्रेंच भागासाठी वीसेक किलोमीटरवर नवीन गावच वसवलं. आणि लायब्ररीची वाटणी कशी केली माहितेय? पुस्तकांच्या नंबरावरून. विषम नंबरची पुस्तकं इकडं, सम नंबरची तिकडं. म्हणजे एखाद्या ग्रंथाचा पहिला खंड एका गावात आणि दुसरा खंड दुसऱ्या गावात असं पण झालं असणार. भाऊबंदकीत कढईचे कान वाटून घेतात तसं. मुलगी त्या लायब्ररीत रोज बसते, ती म्हणाली बाबा, मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या घराच्या सात-बाराची आठवण आली.

आणि युरोपात कशाला जायचं. आपल्याकडनं रोज पहाटे भाजीच्या गाड्या चोर्ला घाटानं गोव्याला उतरतात. तिथं आपण कोण? घाटी. त्यात मराठी की कानडी असं काही बघत नाहीत हं, घाटावरचा तो घाटी. इकडं एकमेकांच्या उरावर बसणारे दोघंही म्हापशाच्या बाजारात एकाच नावाखाली उभे. आणि मुंबईत तोच शब्द कोणाला लावतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. नुसतं ‘घाटावरचा’ इतकाच अर्थ, भूगोल आहे तो, पण म्हणणाऱ्याचा सूर बदलला की शिवी होते. व्लाहचं जे झालं तेच.

तर सांगायचं हे की कानडा या शब्दात शेजारी आणि न कळणारा हे दोन अर्थ एकत्र असणं हे काही मराठी माणसाने केलेलं कारस्थान नाही आणि कानडी माणसाचा खास अपमान पण नाही. शेजारी म्हणजे कोण, तर जो जवळ राहतो आणि ज्याचं बोलणं कळत नाही तो. माउलींच्या काळात पंढरपूर कुठल्या बाजूला होतं असं विचाराल तर तिथं देवळात होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ सालचा शिलालेख आहे. आणि उलट, मराठीतला अगदी जुना कोरीव लेख कुठं सापडतो तर श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी, कानडी आणि तमिळ ओळींच्या शेजारी. तेव्हा ज्या कवीने विठ्ठलाला कानडा म्हटलं त्याच्या मनात दोन्ही अर्थ एकदमच असणार, देव तिकडचा आहे आणि देव कळतही नाही, आणि तरी त्यानेच वेड लावलंय. अभंगाची सगळी गोडी त्यातच आहे. त्यातला एक अर्थ काढला तर उरतं काय, एक तर राज्याचा नकाशा नाहीतर कोरडं तत्त्वज्ञान.

तिसऱ्या पत्रलेखकांना मात्र माझी एक विनंती आहे. शब्दकोशातनं काही काढायचंच असेल तर कानडा राहू दे, यंडुगुंडुकडं बघा. तो शब्द मात्र आम्ही खरंच चिडवायलाच वापरला. मी पण वापरलाय.

तिसरी-चौथीत असेन. रविवार पेठेत वडिलांबरोबर माल घ्यायला गेलो होतो, पावसाळा संपत आलेला, गुळाची आणि डाळीची पोती उतरत होती. बैलहोंगलकडचा एक हमाल होता, पाठीवर पोतं घेऊन मोठ्याने आकडा म्हणायचा, थप्पीला लावायचा, परत जायचा. मी बाजूला उभा राहून त्याची नक्कल करायला लागलो, यंडुगुंडु यंडुगुंडु करत, आणि दुकानातली दोन मोठी माणसं हसली म्हणून आणखी जोरात. त्या हमालाने माझ्याकडं बघितलं, तो पण थोडा हसला, आणि त्यात त्याचा आकडा चुकला. वडिलांनी काही मारलं-बिरलं नाही. त्यांनी सगळी थप्पी परत मोजायला लावली, मला. चव्वेचाळीस पोती, आणि मोजायची त्या हमालाने शिकवली तशी, कानडीत, तो एकेक आकडा सांगणार, मी मागून म्हणणार आणि पोत्यावर थाप मारणार. इप्पत्तच्या पुढं मी तीनदा चुकलो, तीनदा पहिल्यापासून. गुळाच्या माश्या तोंडावर, आणि तो माणूस बिडी ओढत शांतपणे सांगतोय, ओंदु, एरडु, मूरु.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, तो हमाल पुढं कुठं गेला माहीत नाही, नाव पण कधी विचारलं नव्हतं. अजून टेम्पोतनं माल उतरताना माझ्या तोंडात मराठी आकडा येत नाही. परवा अक्रोडाच्या पेट्या उतरवताना पण ओंदु, एरडुच चाललं होतं, आणि मुलगी फोनवरनं विचारत होती बाबा कोणाशी बोलूलालाय.

आपला एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव